जुनाट जठरशोथ: पथ्याने आणि घरगुती उपायांनी कितपत बरा होतो?

माणदेशी (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४७ असून मी सांगोला तालुक्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. गेली तीन वर्षे मला पोटाचा त्रास आहे. सकाळी उपाशीपोटी बेंबीच्या वर जळजळते, चार घास खाल्ले की पोट गच्च होते आणि दुपारनंतर करपट ढेकरा सुरू होतात. पहिले वर्षभर मी ते 'पित्त' समजून अंगावर काढले आणि पाण्यात टाकायच्या फसफसणाऱ्या पुडीवर भागवले. पुढच्या वर्षी गुडघा धरला म्हणून डायक्लोफेनॅकच्या वेदनाशामक गोळ्या अधूनमधून घेऊ लागलो. त्रास खरा वाढला तो त्यानंतर, असे आता हिशेब लावताना लक्षात येते.

या फेब्रुवारीत दुर्बिणीने तपासणी झाली. अहवालात 'अँट्रल गॅस्ट्रायटिस', म्हणजे जठराच्या खालच्या भागाचा दाह (शोथ), असे लिहिले आहे. व्रण नाही. जठराच्या अस्तराचा तुकडा घेऊन केलेली जंतूची झटपट चाचणी निगेटिव्ह आली. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅमची आम्ल कमी करणारी गोळी तपासणीच्या दोन महिने आधीपासून रोज चालू होती आणि अजूनही आहे. एखाद्या दिवशी चुकली, तर दुसऱ्या दिवशी जळजळ दामदुप्पट होते. रक्तदाबाचीही एक गोळी आहे. मी माळकरी असल्यामुळे मांसाहार आणि मद्य यांचा प्रश्नच नाही. महिन्याच्या दोन्ही एकादश्या असतात.

आयुष्यभर गोळीवर राहायचे नाही, या विचाराने तीन महिन्यांपासून मी घरगुती उपाय धरले आहेत: सकाळी उपाशीपोटी दुधीचा पेलाभर रस, दिवसातून दोन वेळा चमचाभर ज्येष्ठमधाचे चूर्ण आणि रात्री झोपताना थंड दूध. दुधाने तासभर फार बरे वाटते. एका नातेवाइकांनी कामदुधा हे आयुर्वेदिक औषध सुचवले आहे, दुसऱ्यांनी कोबीचा रस. यांतले नेमके काय उपयोगी आहे, पथ्य किती दिवस पाळावे, आणि निव्वळ आहाराने हा आजार मुळापासून जातो का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. गावातल्या चहाच्या टपरीवर मिळालेले सल्ले मी वहीत लिहून ठेवले असते, तर ती एव्हाना भरली असती.

परसबाग (प्रतिसाद)

बाकीचे जाणकार सांगतील, मी फक्त दुधीच्या रसाबद्दल लिहितो, कारण ते थांबण्यासारखे नाही. रस करण्यापूर्वी दुधीचा लहानसा काप जिभेवर ठेवून पाहत जा. जरा जरी कडू लागला, तरी तो दुधी फेकून द्या. त्यात साखर, आवळा किंवा पुदिना घालून कडूपणा मारू नका. दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि एखाद्या फळात ती फार वाढतात. असा रस प्यायल्यावर काही मिनिटांत उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकदम खाली जाणे असे प्रकार आपल्या देशात झाले आहेत आणि त्यात मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचाही सल्ला हाच होता की कडू रस पिऊ नये. आधीच सुजलेल्या जठरावर हा प्रयोग नको. दुधीची भाजी करून खा. भाजी कडू लागली की माणूस आपोआप ताट बाजूला सारतो, रस मात्र औषध म्हणून नाक दाबून प्यायला जातो.

निवृत्त फिजिशियन (प्रतिसाद)

माणदेशी, तुमच्या प्रश्नात एक वाक्य असे आहे की त्याचा उलगडा झाल्याशिवाय पुढचे कोणतेही पथ्य सांगणे मला योग्य वाटत नाही. तुमची जंतूची चाचणी पँटोप्राझोल चालू असताना झाली आहे.

जठराच्या जुनाट शोथाचे जगभरातले सर्वांत मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो रुग्णांच्या जठरातून वेगळा काढला. आम्लात जंतू जगूच शकत नाही, ही समजूत इतकी घट्ट होती की १९८४ मध्ये मार्शल यांनी स्वतः जंतूंचे द्रावण प्राशन केले आणि काही दिवसांत त्यांना जठराचा दाह झाला. २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. हा जंतू युरिएज नावाच्या विकराने युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो आणि त्या अमोनियाच्या आडोशाने आम्लात तग धरतो. तुकड्याची झटपट चाचणी हाच अमोनिया ओळखते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्यांमुळे आम्ल कमी होते, जंतूंची संख्या घटते, ते जठराच्या खालच्या भागातून वरच्या भागात सरकतात आणि चाचणी फसवे 'नाही' सांगते. म्हणून अशी गोळी किमान दोन आठवडे आणि प्रतिजैविके किमान चार आठवडे बंद ठेवून मगच चाचणी करतात. तुमच्या बाबतीत जंतू नाही असे नव्हे, तर तो आहे की नाही हे अजून ठरलेलेच नाही. आपल्याकडे ही लागण बहुधा लहानपणीच घरातल्या घरात होते आणि निम्म्याहून अधिक प्रौढांमध्ये आढळते, हे ध्यानात घेता शंका बळकट आहे.

आता दुर्बीण पुन्हा घालून घेण्याची गरज नाही. शौचाची अँटिजेन चाचणी किंवा युरिया श्वास चाचणी पुरते. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी मात्र टाळा, कारण जुनी, बरी झालेली लागणही ती पुढे बराच काळ दाखवत राहते. गोळी बंद करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना सांगून घ्या. त्या पंधरा दिवसांत साधे अँटासिड घेता येते. आम्ल कमी करणारे दुसरे औषध फॅमोटिडिन चालेल का, हे चाचणी करणाऱ्या केंद्राला आधी विचारून ठेवा. जंतू निघाला, तर बहुधा १४ दिवसांचा औषधक्रम असतो. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या दोन्हींना दाद न देणारे जंतू बरेच असल्यामुळे अनेक डॉक्टर बिस्मथ घातलेला चार औषधांचा संच पसंत करतात. एकही मात्रा चुकवू नये. क्रम संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेल्याची पुन्हा खात्री करून घ्यावी. ही शेवटची पायरी लोक हटकून गाळतात.

दुसरे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. डायक्लोफेनॅक जठराला खालून पोखरते: अस्तरावरचा बुळबुळीत थर ज्या प्रोस्टाग्लँडिनांच्या आधाराने टिकतो, त्यांचीच निर्मिती ते रोखते. त्यामुळे गोळी जेवणानंतर घेतली म्हणून धोका टळत नाही. ती रक्तदाबही वाढवते. गुडघ्यासाठी लावायचे मलम, व्यायाम आणि लागल्यास पॅरासिटामॉल यांवर भागते का, ते आधी पाहा.

शिवाय बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहार, पँटोप्राझोल आणि जुनाट शोथ या तिन्ही गोष्टी ते कमी करतात. हातापायांना मुंग्या येत असतील, तर हे अधिक तातडीने करावे.

डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, विनाकारण वजन घटणे, घास अडकणे किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही दिसले तर पथ्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बिस्मथ आणि लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते. चालताना वाढणारी आणि जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी 'ॲसिडिटी' ही हृदयाची असू शकते; माझ्या नोकरीच्या काळात फसफसणारी पूड पिऊन पहाटेपर्यंत वाट पाहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

कढीलिंब (प्रतिसाद)

माझा शोथ जंतूचा नव्हता. अर्धशिशीसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेण्याची सवय दहा वर्षे होती, त्याचा तो प्रसाद होता. त्यामुळे आहाराने काय होते आणि काय होत नाही, हे मला जरा निवांतपणे पाहता आले.

सुरुवातीला मी सगळा दोष तिखटाला दिला आणि सहा आठवडे फिके अन्न खाल्ले. जळजळ होती तशीच राहिली. मग एका शाळेच्या वहीत खाल्लेले, वेळ आणि त्रास असे तीन रकाने पाडून रोज लिहू लागले. महिन्याभरात जे दिसले ते माझ्या कल्पनेपेक्षा वेगळे होते. मिरचीपेक्षा वेळ मला अधिक नडत होती. सकाळी सहाला नुसता चहा, त्यानंतर साडेदहापर्यंत काही नाही आणि रात्रीचे जेवण दहाला, तेही दिवसाची सारी भूक एकदम भागवणारे. ज्या दिवशी रात्री आठपूर्वी अर्धपोटी जेवले, त्याच्या दुसऱ्या सकाळी जळजळ निम्मी असे. ठेचा मला चवीपुरता चालतो. शेंगदाण्याचे कूट आणि वर तेलाचा तवंग असलेली आमटी मात्र चालत नाही, कारण स्निग्ध अन्न जठरात फार वेळ रेंगाळते. अख्खे हरभरे, मोड आलेली मटकी आणि कच्चा कांदा यांनी पोट फुगते. तुमची यादी वेगळी निघेल. वही मात्र लिहा.

वाईट दिवसांत मी काय खात होते ते सांगते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात ज्वारीच्या कण्या किंवा भाताची पेज, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप. चहा घ्यायचाच असेल, तर त्यानंतर. दुपारी मऊ भात, मुगाचे वरण आणि पडवळ, घोसाळे, लाल भोपळा किंवा दुधीची शिजवून मऊ केलेली भाजी. चार वाजता एखादे केळे किंवा साळीच्या लाह्या. रात्री मुगाची पातळ खिचडी. आमसुलाचे सार पित्तावरचे म्हणून सांगतात, पण त्याच्या आंबटपणाने मला उलट चुरचुरत असे. ताजे, पाणी घालून घुसळलेले ताक मात्र सोसत असे. शाळेत जाताना डब्याबरोबर दोन राजगिऱ्याचे लाडू ठेवत जा. मधल्या सुट्टीपर्यंत थांबू नका. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे आणि तूप दोन्ही भरपूर असते आणि ती खाल्ली जाते रिकाम्या पोटी, दोन कप चहानंतर. त्याऐवजी भगर आणि ताक, उकडलेले रताळे असे ठेवले तर उपवास मोडत नाही.

हे पथ्य मी कडकपणे दोन महिने पाळले आणि मग एकेक पदार्थ परत आणला. जन्मभर फिके खाण्याची गरज नसते, आणि तसे खाल्ले तर माणूस खंगतो. माझ्या एका आत्याबाईंनी पित्ताच्या भीतीने डाळ, भाज्या, फळे असे करत करत शेवटी दूधभाकरीवर दिवस काढले होते.

गोळी सोडतानाचा अनुभव यापेक्षा महत्त्वाचा आहे. आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी ती थांबवली आणि तिसऱ्या दिवशी असा दाह उसळला की आजार परतला असेच मला वाटले. नंतर कळले की गोळीने आम्ल दाबलेले असताना शरीर गॅस्ट्रिन हे आम्ल स्रवायला लावणारे संप्रेरक वाढवून ठेवते आणि गोळी सुटताच काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त येते. माणदेशी, एक दिवस गोळी चुकली की तुम्हाला होते ते काही अंशी हेच असावे. दुसऱ्या खेपेस डॉक्टरांनी आधी मात्रा निम्मी केली, मग दिवसाआड, आणि मधल्या दिवसांत गरजेपुरते अँटासिड दिले. पेज, मऊ भात आणि लवकर जेवण यांची खरी किंमत मला त्या तीन आठवड्यांत कळली. त्यांनी शोथ बरा केला असे मी म्हणणार नाही. तो आयबुप्रोफेन सोडल्याने आणि औषधाने गेला. पण त्यांच्याविना मी गोळीकडे परत गेले असते.

अनुपान (प्रतिसाद)

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे. अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात येते; माधवकराने त्याचे ऊर्ध्वग (वर जाणारे) आणि अधोग (खाली जाणारे) असे भेदही सांगितले आहेत. मात्र कारण दूर करणे, म्हणजे निदानपरिवर्जन, ही आमच्याकडचीही पहिली चिकित्सा आहे. त्यामुळे जंतूची शहानिशा आधी व्हावी, या वरच्या मताशी मी सहमत आहे.

ज्येष्ठमधाबद्दल सावध करतो. अस्तराला ते खरोखर उपकारक आहे. त्याच्यापासूनच बनवलेले कार्बेनॉक्सोलोन हे औषध १९६० च्या दशकात पाश्चात्त्य वैद्यक जठराच्या व्रणावर वापरत होते. ते मागे पडण्यामागे मोठे कारण होते दुष्परिणाम: रक्तदाब वाढणे, अंगावर सूज येणे आणि पोटॅशियम घटणे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हेच करते. रक्तदाबाची गोळी चालू असताना दिवसाला दोन चमचे, तेही तीन महिने, ही मात्रा मी कोणालाही दिली नसती. ते आजच थांबवा आणि रक्तदाब मोजून घ्या.

कामदुधात मोती, प्रवाळ, शंख, कवडी यांची भस्मे, गेरू आणि गुळवेलीचे सत्त्व असते. भस्मांचा मोठा भाग कॅल्शियमचा असल्यामुळे आम्ल शमते, पण त्याचा अर्थ ते रोज चालू ठेवावे असा नव्हे. पुढे तुम्हाला चार औषधांचा संच मिळाला आणि त्यात टेट्रासायक्लीन असले, तर कामदुधा, दूध आणि अँटासिड त्याच्या वेळेच्या आसपास अजिबात घेऊ नका. कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवते. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर हे रेचक आणि भरपूर साखर असते, ते काही दिवसांपुरते घ्यायचे असते. सूतशेखरात पारा, ताम्रभस्म, बचनाग आणि धोतऱ्याचे बी येते. दुकानातून मागून घेण्याचे ते औषध नव्हे. शतावरी सौम्य आहे, पण बाजारातल्या कल्पात साखरच अधिक.

योकोहामाकर (प्रतिसाद)

कोबीच्या रसाची गोष्ट जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. गार्नेट चेनी यांनी १९४९ साली व्रणाच्या १३ रुग्णांना रोज जवळजवळ लिटरभर ताजा रस देऊन व्रण लवकर भरल्याचे लिहिले आणि त्यातील घटकाला 'व्हिटॅमिन यू' असे नाव दिले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि जंतूचा तर तेव्हा पत्ताच नव्हता. लिटरभर कच्च्या कोबीने तुमचे पोट किती फुगेल, हे वेगळे सांगायला नको.

त्याच कुळातल्या ब्रोकोलीच्या कोवळ्या मोडांवर इथे जपानमध्ये २००९ साली अधिक नीट अभ्यास झाला. जंतूची लागण असलेल्या ४८ जणांपैकी एका गटाला रोज ७० ग्रॅम मोड आठ आठवडे दिले. जंतूचे आणि दाहाचे निर्देशांक घटले. खाणे थांबवल्यावर दोन महिन्यांत ते पूर्वपदावर आले. अन्न जंतूला दबवते, घालवत नाही, असे मी यातून समजतो. जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात २०१३ पासून व्रण नसलेल्या जठरशोथासाठीही जंतूनाशक उपचार समाविष्ट झाले, कारण याच जंतूपासून पुढे काही जणांना जठराचा कर्करोग होतो. खारवलेली मासळी आणि मिठातली लोणची हा धोका वाढवतात. आपल्या ताटातल्या लोणच्याच्या फोडीबद्दल तेवढे लक्षात ठेवावे.

हळदीवर थायलंडमधला २०२३ सालचा अभ्यास लोक फार पुढे पाठवतात. त्यात कुर्क्युमिन आणि ओमेप्राझोल यांचा परिणाम सारखा दिसला हे खरे, पण ते रुग्ण नुसत्या अपचनाचे होते आणि मात्रा होती दिवसाला दोन ग्रॅम कुर्क्युमिन. दुधात घातलेल्या चमचाभर हळदीत त्याचा अगदी लहानसा अंश असतो. मिरे घातलेल्या हळदीच्या कॅप्सुलांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

थंड दुधाबद्दलही लिहितो. शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये व्रणाच्या रुग्णांना दर तासाला दूध आणि साय देण्याची पद्धत सुरू केली आणि ती कित्येक दशके चालली. दूध क्षणभर आम्ल शमवते, पण त्यातील कॅल्शियम आणि प्रथिने पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. तुम्हाला तासभरच बरे वाटते, त्याचे कारण हेच असावे.

माणदेशी (चार महिन्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे, कारण शेवटची चाचणी हाती आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

गोळी सोळा दिवस बंद ठेवून शौचाची चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. ते सोळा दिवस कठीण गेले. कढीलिंब ताईंच्या कण्या आणि रात्री साडेसातचे जेवण यांवरच निभावले. नंतर १४ दिवस चार औषधे घेतली. तोंडाला सतत धातूची चव, जीभ काळी आणि शौच काळी. आधी वाचलेले नसते, तर मी घाबरून क्रम अर्ध्यावर सोडला असता. औषधांच्या वेळा सांभाळताना दूध बंदच केले. क्रम संपल्यावर सहा आठवड्यांनी फेरचाचणी केली, ती निगेटिव्ह आहे. बी-१२ १६० निघाले, म्हणजे कमीच. त्याची इंजेक्शने चालू आहेत. ज्येष्ठमध सोडल्यावर रक्तदाब थोडा उतरला आहे, मात्र गोळी तीच आहे.

उपाशीपोटीची जळजळ गेली. पोट गच्च होणे पूर्ण गेलेले नाही. हरभऱ्याची उसळ किंवा लग्नातले जेवण झाले की दोन दिवस जाणवते, आणि अस्तर पूर्ववत व्हायला अजून बरेच महिने लागू शकतात असे डॉक्टरांनी सांगितले आहे. गुडघ्यासाठी मलम लावतो, त्याने थोडेच भागते. एकादशीला आता माझ्यापुरती भगर होते. गेल्या खेपेस खिचडीचा वास आल्यावर वाटीभर घेतलीच, पण आधी रताळे खाऊन घेतले होते. संध्याकाळपर्यंत वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे काही झाले नाही.